इथे कोणाला मराठी कळतंय?

६ जानेवारी, सोमवार

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली आणि आज पुन्हा हजेरी घेतली. एकही नाव चुकलं नाही.

इथे जबलपूरच्या गढा भागात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आलोकजींनी जर्मनचा वर्ग काढला आहे. जर्मनीला नर्सेस हव्या आहेत, इथल्या नर्सेसना नोकऱ्या हव्या आहेत, मधे फक्त भाषा आडवी पडली आहे. ती बाजूला सारायचं काम माझं. मी एक्क्याऐंशी साली पुण्यात राहून जर्मन घेऊन बी. ए. केलं, लग्न होऊन जबलपूरला आले आणि एकतीस वर्षं सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं. जर्मन ट्रंकेत पडून राहिली. शहरात दुसरं कोणी सापडलं नाही म्हणून तुमच्याकडे आलो, असं आलोकजींनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

नऊ विद्यार्थी आहेत, सगळे नर्सिंग झालेले आणि सगळे हिंदी बोलणारे. मार्चमध्ये पुण्याला त्यांची बी-वनची परीक्षा आहे. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं असे चार पेपर, प्रत्येकात साठ हवेत.

माझी नणंद बेबी तिथे कार्यालय सांभाळते. हजेरी, फॉर्म, किल्ल्या, सगळं तिच्याकडे. वर्गात मागच्या खुर्चीवर बसून ती रजिस्टर भरते. तिच्याशी मराठीत बोलता येतं, त्यामुळे वर्गासमोरसुद्धा मोकळेपणाने मत देता येतं. ही मोठी सोय आहे.

९ जानेवारी

मुलं हुशार आहेत. मी वाचते ते सगळं त्यांना कळतं. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, घाई न करता. पुण्याला आमच्या बाई असंच शिकवायच्या. धनेशने श्रुतलेखनात फक्त दोन चुका केल्या. सलोनी बर्मनने एकही नाही.

अनिमेष रोज तोच पिवळा शर्ट घालून येतो. बेबीला म्हटलं, "याच्याकडे बघून माझे डोळे दुखतात. आणि हा चहा म्हणजे पाक आहे पाक. सांगायचं कसं, भिडेखातर प्यावा लागतो."

बेबी म्हणाली, "वहिनी, जरा हळू."

"हळू कशाला? इथे कोणाला मराठी कळतंय?"

तिने रजिस्टरात डोकं घातलं. बेबीला कामाची फार ओढ आहे.

१० जानेवारी

आज चहा बिनसाखरेचा आला. न सांगता! चहा खालून मुलंच पाळीपाळीने आणतात. चहावाल्याला अक्कल आली म्हणायची. अनिमेष निळ्या शर्टात होता. शिस्तीचा परिणाम चार दिवसांतच दिसतो, हे मी शाळेतही पाहिलं आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. घरून तिळाच्या वड्या नेल्या. "तिळगूळ घ्या" म्हटलं तर सलोनी चटकन "गोड गोड बोला" म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली. एवढं जबलपूरमध्ये सगळ्यांनाच येतं. मी तिच्या उच्चाराचं कौतुक केलं नाही. सणाला उगीच लाडावून ठेवू नये.

१८ जानेवारी, शनिवार

सराव परीक्षेचे निकाल आले. वाचणं उत्तम, लिहिणं उत्तम. ऐकण्याच्या पेपरात नऊच्या नऊ नापास.

मी तीनदा बेरीज केली. अठ्ठेचाळीसच्या वर कोणी नाही. सलोनीला वाचण्यात एक्क्याण्णव आणि ऐकण्यात एक्केचाळीस. माझं बोलणं या मुलांना कळतं, रेकॉर्डिंगमधल्या माणसांचं कळत नाही. तर दोष रेकॉर्डिंगचा. ती माणसं तोंडात बोलतात, एकमेकांना तोडतात, मागे कपबशा वाजतात, एक बाई तर रस्त्यावरून बोलते. असं कोणी परीक्षेत बोलतं का?

नीलकंठना सांगितलं. ते म्हणाले, "माणसं अशीच बोलतात, बाई." नवऱ्याला जर्मनचं काय कळतं? छत्तीस वर्षं कारखान्यात तोफांचे गाडे मोजले. तरी सोमवारी त्यांचा चांगला स्पीकर नेणार आहे.

सलोनीची गोष्ट जरा गंभीर आहे. नोव्हेंबरात तिचे बाकी तीन पेपर निघाले, फक्त हाच राहिला. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाने तिला नेमणुकीचं पत्र दिलं आहे, पण पंधरा एप्रिलपर्यंत प्रमाणपत्र पोहोचलं नाही तर जागा दुसऱ्या मुलीला देणार. मार्चमध्ये गेलं तर गेलंच.

२२ जानेवारी

स्पीकरने फरक पडला नाही. म्हणून पद्धत बदलली. एक वाक्य लावायचं, थांबवायचं. प्रत्येक शब्द फळ्यावर. अर्थ हिंदीत. मग पुढचं वाक्य. दीड मिनिटाच्या संवादाला एक तास दहा मिनिटं लागली, पण एक शब्द सुटला नाही. "एकही शब्द सोडायचा नाही," असं मी वहीच्या पहिल्या पानावर सगळ्यांकडून लिहून घेतलं आहे.

बेबी म्हणाली, "वहिनी, हे ऐकणं नाही, हे तांदूळ निवडणं झालं."

तिचं शिक्षण तसं कॉमर्सचं आहे.

३० जानेवारी

दुसरी सराव परीक्षा. सरासरी आणखी दोनने खाली. सलोनी अडतीस.

तिची वही पाहिली. पहिल्या प्रश्नाखाली सगळे शब्द टिपलेले, मग एक शब्द अर्धा, त्यावर तीनदा खोडाखोड, आणि पुढचं पान कोरं. मी विचारलं, "आगे क्या हुआ?" म्हणाली, "मॅडम, एक शब्द छूट गया था. उसी को ढूँढती रह गई."

आलोकजींनी केबिनमध्ये बोलावलं. फार नम्र माणूस, त्यामुळे काळजी वाटली. बंगळूरचा एक तरुण शिक्षक मार्चपासून ऑनलाइन शिकवायला तयार आहे म्हणाले. "आपका अनुभव तो है ही, मॅडम, आप ग्रामर देख लीजिएगा." म्हणजे मला कोपऱ्यात बसवणार. वीस फेब्रुवारीपर्यंत मुदत मागून घेतली. मुदत मी याआधी आयुष्यात कधी मागितली नव्हती.

५ फेब्रुवारी

वाईट दिवस. सकाळपासून एकच संवाद सात वेळा लावला. रेल्वेस्टेशनवर एक माणूस सांगतो की गाडी आता दुसऱ्या फलाटावरून सुटेल. सगळ्यांचं एव्हाना उत्तर आलं. तरी सलोनी म्हणाली, "एक बार और लगाइए ना, मॅडम."

मी टेप बंद केली आणि बेबीला म्हटलं, "हिच्या कानात काही शिरत नाही. पुस्तकी किडा आहे नुसता. हिला परीक्षेला बसवूच नये. पुण्याला जायचं, यायचं, रडायचं, कशाला? हिचं काही होणार नाही, लिहून ठेव."

बेबी एकदम उठून म्हणाली, "चलो, चहाची वेळ झाली," तेव्हा सव्वादहाच वाजले होते.

नंतर मी सलोनीला अगदी शांतपणे हिंदीत सांगितलं की घरी जाऊन धडा सहा पुन्हा करावा. तिने मान हलवली. माझा संयम मला स्वतःलाच पटला.

७ फेब्रुवारी

सलोनी कालही नाही, आजही नाही. चहा पुन्हा गोड आला.

११ फेब्रुवारी

अजून नाही. फोन बंद. आलोकजी म्हणाले, तिने आपली मूळ प्रमाणपत्रं परत मागितली आहेत. म्हणजे परीक्षेला बसायचंच नाही.

मला काही उलगडत नाही. बुद्धी आहे, पत्र हातात आहे, दीड महिना शिल्लक आहे आणि पोरगी घरी बसते! मी तिला एक वाकडा शब्द बोललेले नाही. हिंदीत नाही, जर्मनमध्येही नाही. आजकालच्या मुलांना कष्ट नकोत.

बाकीचे आठही हल्ली माझ्याकडे बघताना खाली बघतात. बेबीला विचारलं, "यांना झालंय काय?"

ती म्हणाली, "मी काहून सांगू? तुम्हीच विचारा न सलोनीला."

"'काहून' नाही बेबी, 'कशाला'."

"बरं, कशाला सांगू."

फॉर्मवर पत्ता आहे: नर्मदेकाठचं भेडाघाट. रविवारी जाणार. विद्यार्थ्याच्या घरी जायला मी कधी लाजले नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहिते. जसं झालं तसं.

नीलकंठनी गाडी काढली. बेबीने डोकं दुखतंय म्हणून यायचं टाळलं. पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. घाटावर बर्मन कोण म्हणून विचारलं तर लोक हसले. तिथे निम्मे नावाडी बर्मनच. एका पानवाल्याने खालच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. "चंद्रशेखर भैया से पूछ लो, अभी सवारी लेकर लौटे हैं."

नीलकंठ म्हणाले, आलोच आहोत तर आधी नावेतून चक्कर मारू, परत आल्यावर चौकशी करू. हा चंद्रशेखर नावाडी साठीचा, काटक, डोक्याला गमछा. अख्ख्या नावेचे त्याने जे पैसे सांगितले ते ऐकून मी नेहमीप्रमाणे नीलकंठना मराठीत म्हटलं, "जास्त सांगतोय. निघाल्यासारखं करा. मागून हाक मारेल."

आम्ही तीस वर्षं हेच करत आलो आहोत. साडीच्या दुकानात, भाजीबाजारात, सगळीकडे. चार शब्द मराठीत ठरवायचे आणि पाठ फिरवायची.

पाठ फिरवली. आठ-दहा पायऱ्या चढलो. हाक आली नाही. वळून पाहिलं तर तो वल्हं पुसत बसला होता.

"आइए आइए, आई," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन नाही राहिले. नागपूरवाले दहा पायऱ्या जातात. पुणेवाले पंधरा. आम्ही मोजतो न."

नीलकंठ तिथेच पायरीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. मी विचारलं, "तुम्ही मराठी?"

"मराठी नहीं जी, बर्मन. सवारी मराठी. चालीस साल से नाव में बैठती है, हमारे सामने ही सलाह करती है. समझ तो आएगी ही."

मी आणखी काही विचारायच्या आत तोच पुढे म्हणाला, "हम तो काम चलाऊ समझते हैं. हमारी बिटिया पूरी समझती है. छह साल की थी तब से छुट्टी के दिन नाव के आगेवाले पटिये पर बैठाते थे. सवारी आपस में बात करे, और वो पीठ पीछे हमें उँगली दिखाए. एक उँगली माने बैठेंगे, दो माने सच में जाएँगे. कभी गलत नहीं निकली, आई. सलोनी नाम है. अभी नर्स है."



मला पाच फेब्रुवारी आठवली. मग चहा. मग पिवळा शर्ट. सगळं एकदम नाही आठवलं, एकामागून एक येत राहिलं, आणि प्रत्येक वेळी मी स्वतःचाच आवाज ऐकत होते. तो आवाज मोठा होता. एकतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवलेला आवाज.

तेवढ्यात सलोनी वरून डबा घेऊन खाली उतरली. मला पाहून थबकली. "नमस्ते, मॅडम."

माफी मागायची होती. तोंड उघडलं. तोंडातून निघालं, "धडा सहा किया?"

नीलकंठनी नदीकडे तोंड फिरवलं.

ती म्हणाली, "मैं एग्ज़ाम में नहीं बैठूँगी, मॅडम. आपने ठीक ही..." आणि थांबली.

मी त्या "ठीक ही" पाशी उभी होते. मला पुढे जाता येईना, मागेही. म्हणून जे मला येतं तेच केलं. प्रश्न विचारला. "नावेत बसलेल्या लोकांचा शब्दन् शब्द तुला कळायचा?" हे मी मराठीत विचारलं. पहिल्यांदा.

ती माझ्याकडे बघतच राहिली. उत्तर हिंदीत दिलं. "नहीं मॅडम. आधा भी नहीं. सब लोग एक साथ बोलते हैं, हँसते हैं, बच्चे रोते हैं, पानी की आवाज़. बस एक ही बात सुननी होती थी, बैठेंगे कि जाएँगे. बाकी जाने देते थे."

"एखादा शब्द सुटला तर?"

"शब्द पकड़ने बैठते तो सवारी चली जाती."

"मग वर्गात असं का नाही ऐकत?"

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "क्लास में तो आपने लिखवाया है ना... एक भी शब्द छोड़ना नहीं."

चंद्रशेखरजींनी विचारलं, "आई, नाव में चलेंगी कि नहीं?" आम्ही बसलो. त्यांनी जेवढे सांगितले होते तेवढे देऊन. संगमरवरी कडे दोन्ही बाजूंनी सरकत होते, चंद्रशेखरजी मोठ्याने आपलं वर्णन म्हणत होते, "बाएँ गोरा पत्थर, दाएँ काला, बीच में बैठा नाववाला," पुढे एका खडकाची त्यांनी काय थट्टा केली ती मी निम्मीच ऐकली. तरी हसू कुठे यायचं ते कळलं. म्हणजे असंही कळतं.

उतरताना मी सलोनीला म्हटलं, "उद्या नऊला ये. वही आणू नकोस."

एवढंच. माफी राहिली.

१७ फेब्रुवारी

ती आली. नऊला पाच कमी असताना.

वर्ग सुटल्यावर बेबीला गाठलं. "नावाड्याच्या मुलीला मराठी कळतं, हे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच कळते, वहिनी."

"सगळे म्हणजे?"

"अनिमेषची मावशी मराठ्यांकडे दिलेली आहे. धनेश लहानपणापासून आपल्या देशपांड्यांच्या घरी भाड्याने राहून राहिला. बाकीच्यांना शेजारीपाजारी आहेत. जबलपूर आहे हे. बोलत नाही कोणी, पण समजते सर्वांना."

"मला आधी काहून नाही सांगितलंस?"

"हळू बोला, हळू बोला, म्हणून तर राहिली होती महिनाभर! तुम्ही ऐकता का?"

मी फळा पुसला. आधीच पुसलेला होता.

१९ फेब्रुवारी

वह्यांचं पहिलं पान सगळ्यांकडून फाडून घेतलं. धनेशला ते फाडताना फार आनंद झाला, तो त्याने लपवला नाही.

नवी रीत अशी. टेप लावण्याआधी मी एकच प्रश्न सांगते. गाडीबद्दल असेल तर, ती वेळेवर आहे की नाही? डॉक्टरचा निरोप असेल तर, उद्या यायचं की नाही? पेन खाली. डोळे मिटले तरी चालतील. टेप मधे थांबणार नाही. संपली की एक बोट किंवा दोन. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मग पुन्हा टेप, नवा प्रश्न: तुम्हाला असं कशावरून वाटलं?

पहिल्यांदा नऊपैकी सहा बोटं बरोबर. सलोनीचं पहिलं वर आलं, टेप संपायच्या आधी. मी तिला विचारलं, कशावरून? म्हणाली, "वो आदमी साँस छोड़कर बोला. जिसकी गाड़ी समय पर हो वो ऐसे नहीं बोलता."

एकतीस वर्षांत मी मुलांना कधी कोणाचा श्वास ऐकायला सांगितला नव्हता.

मी मात्र वर्गात मराठी बंद केली आहे. फार जड जातं. आज अनिमेषने जांभई दिली तेव्हा चार वाक्यं गिळली. घरी येऊन नीलकंठना ऐकवली.

२० फेब्रुवारी

मुदत संपली. आलोकजी मागच्या खुर्चीवर येऊन बसले. नऊ माणसं डोळे मिटून बसली आहेत आणि मधेच बोटं वर करताहेत, हे पाहून त्यांना वाटलं ध्यानधारणा चालली आहे. मग मी तिसरी सराव परीक्षा त्यांच्यासमोरच घेतली. सरासरी चोपन्न. सलोनी एकोणसाठ.

"बंगळूरवाले को मैं मना कर दूँ?" त्यांनी विचारलं.

मी एक बोट वर केलं. सवयीने.

१ मार्च

प्रगती आहे, पण सलोनी एकोणसाठ आणि त्रेसष्ट यांच्यामध्ये लटकली आहे. जोराने बोलणारे कळतात, म्हातारे कळत नाहीत. आणि तिला जायचंय वृद्धाश्रमात!

नेहाला लिहिलं. ही आलोकजींच्या पहिल्या तुकडीतली, महाराजपूरची मुलगी, दोन वर्षं जर्मनीत काम करते आहे. आज तिचा निरोप आला. तिच्या वॉर्डातल्या एका आजीबाईंना तिने विचारलं, त्या आनंदाने तयार झाल्या आणि भारतातल्या मुलींसाठी रोज दोन मिनिटं बोलणार म्हणाल्या. सोबत आलेल्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या बटाट्यांच्या सूपाबद्दल बोलल्या. दातांची कवळी काढून. मला स्वतःला निम्मं कळलं नाही.

हे मी वर्गाला सांगितलं. "मुझे भी आधा नहीं समझा." नऊच्या नऊ जणांनी चेहरे वर केले. मग धनेश म्हणाला, "मॅडम, हम बताएँ? उनको सूप में नमक कम लगा." पुन्हा लावलं. खरंच.

आज मी त्यांच्याकडून शिकले आणि कोणी मेलं नाही.

१० मार्च

आजीबाई आता आमच्याच झाल्या आहेत. त्यांचा मुलगा दर रविवारी येतो म्हणतो आणि येत नाही. अनिमेष त्या मुलावर फार चिडला आहे. चहाच्या वेळीही मुलं आजीबाईंचा निरोप लावून ऐकतात. माझ्या सांगण्याशिवाय. श्रुतलेखन अशा उत्साहाने कोणी चहाच्या वेळी केलेलं मला आठवत नाही.

सलोनी एकाहत्तर.

१४ मार्च

होळी. अनिमेष घरी येऊन गेला, पिवळा शर्ट घालून. आज घालायला तो अगदी योग्य होता. मी तसं सांगितलं. मराठीत. तो लाजून हसला आणि माझ्या गालाला गुलाल लावून पळाला. बेबीने चोरून फोटो काढला आहे. तो फोटो मला मिटवायचा आहे.

२२ मार्च, शनिवार

आज पुण्याला परीक्षा. मी इथे. सकाळी दहा ते अकरा भेंडी चिरली. नीलकंठ म्हणाले, एवढी भेंडी कोण खाणार?

दुपारी सलोनीचा फोन. "एक शब्द छूटा था, मॅडम. बीच में ही."

"फिर?"

"जाने दिया."

 तिची माफी अजून माझ्याकडेच पडून आहे. रोज वर्गात नेते, रोज परत आणते. कागदावर लिहूनही पाहिलं. हिंदीत ती सरकारी अर्जासारखी वाटते. जर्मनमध्ये व्याकरण तपासावंसं वाटतं.

९ एप्रिल, बुधवार

निकाल.

नऊपैकी आठ पास. धनेशचा ऐकण्याचा पेपर दोन गुणांनी गेला, तो जूनमध्ये काढेल, त्याने स्वतःच मला धीर दिला. सलोनी बर्मन, ऐकणे, अठ्ठ्याहत्तर. आलोकजींनी दुपारीच प्रमाणपत्र वृद्धाश्रमाला पाठवलं. पंधरा तारखेला सहा दिवस बाकी असताना.

वर्गात सगळे जमले होते. चंद्रशेखरजी भेडाघाटहून पेढे घेऊन आले होते आणि दाराशी गमछा हातात धरून उभे होते. मी टेबलापाशी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हिंदीत म्हटलं, "ठीक है. वाक्य में क्रिया की जगह अब भी गलत रखते हो. वहाँ जाकर मेरी नाक मत कटवाना."

पंखा फिरत होता. एवढंच बोलून मी घरी जाणार होते, हे मला माहीत होतं.

मग मी मागच्या खुर्चीकडे वळले आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हटलं, "बेबी, एक सांगते. ही सलोनी आहे ना, अशी विद्यार्थिनी मला एकतीस वर्षांत मिळाली नव्हती. पाच फेब्रुवारीला मी हिच्याबद्दल जे बोलले, ते साफ चुकीचं होतं. हिच्या कानात शिरत नव्हतं असं नाही. मलाच शिकवता येत नव्हतं. त्या दिवसाची मला लाज वाटते. पण हे मी तिला तोंडावर कसं सांगू? जमतच नाही गं. बरं झालं, इथे कोणाला मराठी कळत नाही."

बेबीने रजिस्टरातून मान वर केली. "हो न वहिनी," ती म्हणाली. "कोणाला नाही कळत."

अनिमेष फळ्याकडे तोंड करून कोरा फळा पुसत होता. धनेश बुटाची नाडी बांधत होता, पायात चप्पल असताना. चंद्रशेखरजी छताकडे बघत होते. नऊ विद्यार्थी आणि एक नावाडी, सगळे इतकं मन लावून न ऐकताना मी कधी पाहिले नव्हते.

सलोनीने मान वर केली नाही. ती वहीत काहीतरी लिहीत होती. पण तिचा डावा हात बाकाच्या कडेला होता, आणि त्याचं एक बोट वर झालं.